गोंदणशाळेचा चौथरा

सावाई बेट, सामोआ, ११ फेब्रुवारी

फेतूआओ,

तुझी आई म्हणते लिहू नका, तिला राग येईल. मी म्हटलं, राग तर सात वर्षं आलेलाच आहे, पत्राने त्यात आणखी काय भर पडणार? म्हणून लिहितो. अक्षर लावून वाच. पाद्रीबाबांच्या शाळेत मी तिसरीपर्यंतच टिकलो.

गोंदणशाळेचा तुझा नकाशा आला. समितीच्या नावाने आला, माझ्या नावाने नाही. घर बांधणार मी, आणि नकाशा मला पाद्रीबाईंच्या स्वयंपाकघरात उभ्याने बघावा लागला. कोपऱ्यावर कोकोचा डागही पडला होता, तो तुझा नव्हे, त्यांचा. "खिळे ठोकणाऱ्यांकडून घरं बांधायला शिकणार असशील तर मला येऊन दाखवू नकोस," असं तू ऑकलंडला शिकायला निघालीस तेव्हा मी बोललो होतो खरा. या घरात माझं कुणी काही ऐकत नाही. तेवढं एक वाक्य मात्र तू ऐकलंस.

असो. नकाशाबद्दल बोलतो.

पहिलं, भिंती कशाला? गोंदून घेणाऱ्याच्या उशाला त्याची आई बसते, मावशा बसतात, गाणी म्हणतात, पंखे हलवतात. त्या सगळ्या भिंतीतून कशा जाणार? भिंतीआड माणूस ओरडतो तो दवाखान्यात. आपल्याकडे तो सगळ्यांदेखत ओरडायचं टाळतो, म्हणून तर त्याला किंमत.

दुसरं, मधोमध तू हातभर उंच दगडी चौथरा काढला आहेस. गोंदणारा आणि गोंदून घेणारा वर, बाकी सगळे खाली, खांबांना टेकून. फेतूआओ, बाय, तू ऑकलंडला राहून विसरलीस का? गावचे मानकरी खाली बसणार आणि वर कोण, तर पहिला गोंदून घेणार तो रोपाती. पाद्रीबाबांचा नातू. परवापर्यंत आमच्या कोंबड्या पळवत होता. कुणाचं डोकं कुणाच्या वर जावं याला काही रीत आहे की नाही? मोठा मानकरी तोआफा कसा आहे ते तुला ठाऊक आहे. चर्चमध्ये घंटा त्याच्या डोक्याच्या वर टांगली आहे यावर त्याने महिनाभर वाद घातला होता.

आणि तोआफापेक्षा मला भीती लोतोमाउची. या बेटावर हाताने, मोगरीने दातेरी फणी ठोकून गोंदणारा तो एकटा उरला. त्याची दोन्ही पोरं परदेशात सिमेंटच्या कारखान्यात. तो शिकवणार म्हणून शाळा. त्याने घर नापसंत करून पाठ फिरवली तर त्याच्या घराण्यातला कुणी त्या घरात पुन्हा हत्यार उघडणार नाही, ही तर रीतच आहे. मग तिथे बायका बिंगो खेळतील आणि लोक म्हणतील, हे पेनिआमिनाने बांधलं.

चौथरा काढून टाक. भिंतीही. बाकी बरं आहे.

तुझा बाप


सावाई, २३ एप्रिल

फेतूआओ,

दुसरा नकाशा आला. पत्र नाही, चिठ्ठी नाही. मी पाकीट झटकून पाहिलं.

भिंती गेल्या. हत्यारं उकळायची बंद खोली तू मागे चुलीच्या झोपडीशेजारी नेऊन ठेवलीस. आरोग्य खात्याच्या साहेबाला भिंत हवी होती ती मिळाली, आम्हाला वारा मिळाला. मला ते आवडलं. पाद्रीबाईंसमोर मी फक्त मान हलवली.

मग चौथरा पाहिला. मी दोरी लावून मोजला, पुन्हा मोजला. तू तो चार बोटं आणखी वाढवला आहेस.

तुझ्या आईला सांगितलं. ती तारोचे कंद सोलत होती. सुरी खाली ठेवून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "पोरगी बोलली तुमच्याशी," म्हणाली. "सात वर्षांनी बोलली."

"याला बोलणं म्हणतात?"

"मग तुम्ही दोघं आणखी कसं बोलता?"

 दुसऱ्या दिवशी होडी पालथी घातली, तिच्यावर पुतण्याला पालथा झोपवला आणि स्वतः जमिनीवर मांडी घालून बसलो. माझे डोळे बरोब्बर त्याच्या कमरेशी आले. शिकणाऱ्या पोराला हात दिसला पाहिजे, आणि उभं राहून तर बघता येत नाही, वडीलधारी बसलेली असताना उभा राहील कोण? म्हणून तू हात वर आणलास. हे मला कळलं. कळलं म्हणून काळजी कमी झाली असं समजू नकोस. आता चार बोटांची वाढली.

छपरावरूनही भांडण झालं. समितीला पत्रा हवा. वादळात बरा, वर्षानुवर्षं बघावा लागत नाही. तुझ्या नकाशात उसाच्या पाल्याची शाकारणी. मी गप्प बसलो, कारण कोणत्या बाजूने बोललो तरी दुसरी बाजू चिडणार. लोतोमाउ कोपऱ्यात पंख्याने पाठ खाजवत होता. तो म्हणाला, "पत्र्यावर पाऊस पडला की मोगरीचा ठोका ऐकू येत नाही. पोरगा आधी कानाने शिकतो, मग हाताने. नकाशा कुणी काढला?"

मी म्हटलं, "माझ्या मुलीने."

"मग तुला का कळत नाही?"

आपल्यात घर बांधणाऱ्यालाही तुफूगा म्हणतात आणि गोंदणाऱ्यालाही. म्हणून तो मला भाऊ म्हणतो आणि भावासारखाच छळतो. सगळ्यांसमोर आणखीही एक गोष्ट बोलला, ती नेहमीचीच. जन्मभर लोकांच्या घरांवर वासे चढवतो आणि स्वतःच्या पाठीवर गोंदणाचा एक नाही, नागवा सुतार, वगैरे. लोक हसतात. मला त्याचं काही वाटत नाही. माझ्या वेळी गोंदणारा आजारी पडला होता, मग लग्न झालं, मग गुडघा दुखू लागला. तो विषय वेगळा.

खांबांसाठी लाकूड तोडायला घेतलं आहे.

बाबा


सावाई, ३० जून

फेतूआओ,

घर उभं राहिलं, एकही खिळा न ठोकता. बारा माणसं काथ्या वळत होती, सुंभाच्या भेंडोळ्यांचा नुसता डोंगर झाला. आढं चढवलं त्या दिवशी मला रात्रभर झोप नाही. वारा पडला होता, पान हलत नव्हतं, तरी मी दोनदा उठून बघून आलो. आई म्हणाली, "घर पळून जाणार आहे का?" तिला काय. तिच्या हातून कधी छप्पर पडलं नाही. माझ्याही नाही, पण पडू शकतं.

गोलाकार टोकांच्या वाशांना तू दिलेला बाक मला सुरुवातीला जास्त वाटला. मी कमी केला नाही. करणार होतो.

आता वाईट बातमी. शाकारणी अर्धी झाली होती. लोतोमाउ आला, चौथऱ्यावर मांडी घातली, स्वतःचाच पाय पुढे घेतला आणि नुसताच वाकून बघत बसला. किती वेळ गेला कोण जाणे. 

शेवटी म्हणाला, "पेनिआमिना, मला माझीच सावली दिसते."

"छप्पर खाली आहे म्हणून?"

"छप्पर असू दे. काळ्या कातडीवर काळी शाई, आणि वर काळी सावली. मी बोटाने चाचपत गोंदू काय? हे घर असंच राहिलं तर मी येणार नाही. आधीच सांगतो, नंतर रुसू नकोस."

गेला. मी चौथऱ्यावर एकटा बसलो. छप्पर वर उचलायचं तर सगळं सोडावं लागणार, आणि उचललं तर पाऊस आत येणार. मनात तुला खूप बोललो. मग घरी आलो, नकाशा पसरला आणि तुझी चूक शोधायला बसलो.

घराभोवती तू गोट्यांचा रुंद पट्टा काढला आहेस. सगळे गोल कोरे सोडलेस. नदीचे दगड इतर ठिकाणी तू काळे भरले आहेस, हे कोरे. मला वाटलं होतं शाई संपली असेल, किंवा कंटाळा आला असेल. म्हणून मी तिथे नदीचे काळे गोटे पसरले, चांगले निवडून, एका मापाचे. गावाने कौतुकही केलं होतं.

तुझी आई खांद्यावरून बघत होती. "कोरे म्हणजे पांढरे असतील," म्हणाली.

आता दहा वर्षं ती हे सगळ्यांना सांगणार.

बाबा


सावाई, १९ ऑगस्ट

फेतूआओ,

सगळा गाव समुद्रावर गेला होता. बायकांनी टोपल्या घेतल्या, पोरांनी बादल्या, पाद्रीबाबांनी चर्चची हातगाडी दिली. काळे गोटे काढले, पांढरं पोवळं पसरलं. ते धुऊन वाळवून घातलं तेव्हा ऊन तिरपं होतं. मी आत होतो. ऊन पोवळ्यावर पडलं आणि खालून वर आलं. छताच्या आतली बाजू, वाशांवरची एकेक गाठ, सगळं उजळलं, आणि सावली अशी कुठे राहिलीच नाही. दुधात हात बुडवल्यासारखा उजेड. मी माझा हात वर करून उलटा-सुलटा बघत होतो तेवढ्यात लोतोमाउ आला, त्याने माझा हात धरून तसाच बघितला.  मग म्हणाला, "सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करतो."

हे मी तुला लगेच कळवणार होतो. पण लगेच कळवलं की काहीतरी बिघडतं, म्हणून थांबलो.

तरी अजून झालं नाही. बसतो म्हणाला म्हणजे बसला असं नाही. पहिल्या दिवशी मानकरी येणार, तोआफा येणार, आणि चौथरा आहे तिथेच आहे. तोआफा उठून गेला तर लोतोमाउलाही उठावं लागेल. त्याच्या बापाला तोआफाच्या बापाने जमीन दिली होती, अशी भीड असते.

दुसरी अट तुला माहीत आहे. लोतोमाउ एकट्याला हात लावत नाही. जोडी लागते. एकाची वेदना दुसऱ्याने वाटून घ्यायची, आज हा, उद्या तो. रोपाती तयार आहे. त्याच्या जोडीला तलावापलीकडचा एक पोरगा ठरला आहे, धिप्पाड, रग्बी खेळतो. दोघांच्या आयांनी चटया विणून ठेवल्या.

मी आढ्याच्या गाठी पुन्हा तपासल्या. एक सैल होती. नव्हती खरं तर, पण पुन्हा बांधली.

बाबा


सावाई, ३ सप्टेंबर, संध्याकाळ

फेतूआओ,

आज सुरुवात झाली. क्रमाने सांगतो, नाहीतर माझंच डोकं फिरेल.

सकाळी मुळं कुटून कालवलेला आवा प्यायला सगळे जमले. तोआफा आला, काठी टेकत, आणि पोवळ्याच्या पट्ट्यावर थांबला. आत चौथरा दिसला.

"मी कुठे बसायचं?"

मी म्हटलं, "तुमच्याच खांबाशी. खांब हलवला नाही."

"आणि तिथे वर कोण?"

 पंखे थांबले.  मी मनात ठरवलं होतं तोआफाला काय सांगायचं, तीन वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एक आठवेना.

लोतोमाउ आत बसलेला होता. तिथूनच म्हणाला, "तोआफा, तुमच्या घरात मधली जागा कुणाची?"

"मधली? कुणाचीच नाही. मानकरी खांबांशी बसतात. मधे कोण बसतो?"

"मग जी जागा कुणाचीच नव्हती ती उंच केली, त्यात तुमचं काय खाली गेलं?"

तोआफा विचारात पडला. त्याचा विचार दिसतो, ओठ हलतात. लोतोमाउने फण्यांचं कापड उलगडायला घेतलं आणि म्हणाला, "आणि वर झोपणाऱ्याचं रक्त सांडणार आहे. तुम्हाला वर यायचं तर या. फणी तयार आहे, सुरुवात तुमच्यापासून."

मागे बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. तोआफाही हसला, आणि खांबाशी जाऊन बसला. टेकला. इकडे तिकडे पाहिलं. मग शेजारच्याला म्हणाला, "इथून दिसतं मात्र छान."

फेतूआओ, मला तेव्हा तिथल्या तिथे रडू आलं असतं. पण वेळ नव्हता. रोपाती येऊन झोपला, आणि लोतोमाउने विचारलं, "दुसरा?"

दुसरा नव्हता. त्याची आई रडत आली. पोरगा पहाटेच्या बोटीने गेला होता, न्यूझीलंडला, सफरचंदं तोडायला. महिनाभर आधी नाव दिलं होतं म्हणे, घरी सांगायचं धाडस झालं नाही.

लोतोमाउने मान हलवली आणि फण्या परत कापडात गुंडाळायला लागला. सावकाश, एकेक. "जोडी मिळेल तेव्हा बोलवा," म्हणाला. रोपातीचा चेहरा बघवत नव्हता. सगळ्यांना कळत होतं, की एकदा उघडलेलं हत्यार न लावता बांधलं तर ते घर अपशकुनी. पुन्हा तो यायचा नाही. मी कापडाची एकेक घडी पडताना बघत होतो.

मग दुसरा माणूस मिळाला. तिथेच, बसलेल्यांतून. नाव पुढच्या पत्रात. लोतोमाउने कापड पुन्हा उलगडलं आणि संध्याकाळपर्यंत रोपातीच्या पाठीवर पहिली खूण, होडीची, काढून झाली. पोरगा हूं की चूं न करता पडून राहिला. समोर सहा शिकाऊ पोरं, डोळे बरोब्बर हाताशी. पाऊस येऊन गेला तरी ठोका स्पष्ट ऐकू येत होता.

उद्या दुसऱ्याची पाळी. अक्षर आज नीट येत नाही. जेवणही गेलं नाही. थंडी असेल.

बाबा


सावाई, १० सप्टेंबर

फेतूआओ,

पोटावर पालथा पडून लिहितो आहे. तेव्हा तुला कळलंच असेल दुसरा कोण.

हसू नकोस. गावाने पुरेसं हसून घेतलं. मी हात वर केला तेव्हा लोतोमाउ म्हणाला, "तू? मासा साफ करताना काटा टोचला तर तू पाद्रीबाबांना बोलावतोस."

मी म्हटलं, "तुझं कापड उघडायला काय लागतं? माणूस की बडबड?"

"अडुसष्टाव्या वर्षी?"

"तुझंही वय तेवढंच आहे. तुझा हात चालतो तर माझी पाठ चालेल."

दुसऱ्या दिवशी मी चौथऱ्यावर झोपलो तेव्हा तुझी आई उठून उशाला येऊन बसली.  माझ्या कानाशी म्हणाली, "आता पळालात तर मीसुद्धा सफरचंदं तोडायला जाईन."

दुखतं का विचारशील. खूप दुखतं. जे म्हणतात दुखत नाही ते खोटं बोलतात. पहिल्या ठोक्याला मला वाटलं, आत्ता उठावं, उठून सरळ समुद्रात जावं. मग रोपातीने माझा हात धरला. कोंबड्या पळवणारा रोपाती. त्याची स्वतःची पाठ सुजलेली. "आजोबा, ठोके मोजू नका," म्हणाला, "गाणं ऐका." दोन पोरं कातडी ताणत होती, एक रक्त पुसत होता, तीन नुसते बघत होते, आणि खाली तोआफा बेसूर आवाजात सगळ्यांच्या वर गात होता.

आणि एक सांगतो. लोतोमाउ आडव्या रेघा काढतो त्यांनाही आपण वासेच म्हणतो. मला वाटायचं, नावापुरतं. काल त्याने मध्येच हात थांबवला, मान वर करून छताकडे पाहिलं, तू दिलेला तो बाक डोळ्याने नीट तोलून पाहिला, आणि मग माझ्या पाठीवर तसाच उतरवला. मला ते दिसत नव्हतं. शिकणाऱ्या पोरांनी सांगितलं. आता ती सगळी मान वर करून मग खाली बघतात.

संध्याकाळी जखमा धुवायला समुद्रात बसायला लागतं, मीठ झोंबतं. रात्री चालत राहायचं, अंग आखडू नये म्हणून. आई बरोबर चालते. ती झोपेत चालते बहुतेक.

बाबा


सावाई, २१ ऑक्टोबर

फेतूआओ,

संपलं. बेंबीवरचं शेवटचं चिन्ह दहा दिवसांपूर्वी झालं. रोपातीचं त्याच्या आदल्या दिवशी. मध्ये मला ताप आला होता, तेव्हा मी काय काय बोललो ते आई कुणाला सांगत नाही हे तिचे उपकार. पण झालं. अर्धवट राहिलं नाही. आता मी कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं गोंदण दिसावं म्हणून लुंगी वर खोचून गावातून चालतो. गरज नसताना दुकानात जातो. कुणी बघत नसेल तर खोकतो.

गेल्या शनिवारी हळद आणि खोबरेल तेल लावायचा सोहळा झाला. दोन गावांचे लोक आले. आम्हा दोघांना चौथऱ्यावर उभं केलं, तेल चोपडलं, डोक्यावर रीतीचं अंडं फोडलं. रोपातीची आई रडली. तोआफाने आवाचा पहिला पेला रोपातीच्या हातून घेतला, दुसरा माझ्या. शेजारच्या उपोलू बेटावरून आलेले एक मानकरी पोवळ्याच्या पट्ट्यावर फिरून फिरून बघत होते. त्यांच्या गावाला असंच घर हवं आहे. मी म्हटलं, नकाशा माझा नाही.

मग लोतोमाउ भाषणाला उभा राहिला. त्याचं भाषण लांब असतं, देवापासून सुरू होतं. शेवटी घर बांधणाऱ्या तुफूगाचं नाव घ्यायची वेळ आली. मी कंबर सरळ केली. अंगावर तेल, पोटावर हळद, आणि घराच्या तुफूगाला द्यायची ती बारीक विणीची चटई दोन बायकांनी उलगडून समोर धरलेली. मी दोन पावलं पुढेही झालो.

लोतोमाउ म्हणाला, "तू बाजूला हो. तुझी वेगळी आहे, नंतर मिळेल. ही फेतूआओची."

आणि सगळ्या जमावासमोर मोठ्याने म्हणाला, तुफूगा फेतूआओ. बाईच्या नावामागे तो शब्द मी या बेटावर कधी ऐकला नव्हता.  मग तोआफा खांबाशी बसल्या बसल्या म्हणाला, "बरोबर आहे," आणि मग सगळेच म्हणू लागले. मीही म्हणालो. जरा उशिरा म्हणालो. पण माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, आईला विचार.

आता अडचण ऐक. ती चटई ज्याची त्यानेच येऊन घ्यायची, डोक्यावर धरून. दुसऱ्याने उचलायची नाही, टपालाने पाठवायची नाही. त्यामुळे ती चौथऱ्यावर पसरलेली तशीच आहे, आणि ती तिथे असेपर्यंत तिथे कुणाला झोपवता येत नाही. पुढची जोडी तयार आहे, त्यांच्या आया रोज येऊन बसतात. शिकणारी पोरं नारळाच्या सालावर ठोके मारतात. लोतोमाउ फण्या घासत दिवसभर विचारतो, कधी येते, कधी येते. मी सांगतो, मला काय माहीत, ती माझ्याशी नकाशाने बोलते.

शाळा तुझ्यावाचून अडली आहे, तुफूगा. बोट दर शुक्रवारी येते. मी धक्क्यावर असेन. मला अजून नीट बसता येत नाही, तेव्हा उभाच असेन.

बाबा